प्रगतिपुस्तकातला उंची-वजनाचा रकाना : पुणे महापालिकेला आणि शहरातल्या शाळांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य विभाग व शिक्षण विभाग, पुणे महानगरपालिका,
तसेच पुणे शहरातील सर्व माध्यमांच्या शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि संस्थाचालक

विषय : शाळेत होणारी उंची-वजनाची नोंद आणि मुलांच्या कोलेस्टेरॉलची तपासणी

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वजन फार वाढलेली, वजन वाढतच नसलेली, रक्ताच्या रिपोर्टात काहीतरी ठळक अक्षरात आलेली मुले माझ्याकडे पाठवली जातात. पहिल्या भेटीला येताना मुलाची आधीच्या तीन-चार इयत्तांची प्रगतिपुस्तके घेऊन या, असे मी पालकांना आवर्जून सांगते. लसीकरणाची फाईल बहुतेक घरांत पाचव्या वर्षानंतर कपाटात जाते. त्यानंतर मूल कसे वाढत गेले याची घरातली एकमेव लेखी नोंद म्हणजे प्रगतिपुस्तकातला उंची-वजनाचा रकाना.

त्या रकान्यात मला काय दिसते ते सांगते. तिसरीच्या पहिल्या सत्रात उंची 128, दुसऱ्या सत्रात 128. चौथीत 127. पाचवीत एकदम 140. वजन 30, 30, 35, 35, 40. कोणत्याही मुलाचे वजन असे पाच-पाच किलोंच्या पायऱ्यांनी वाढत नाही आणि नऊ वर्षांच्या मुलाची उंची कमी होत नाही. निकालाच्या आदल्या दिवशी चाळीस-पन्नास प्रगतिपुस्तके पूर्ण करायची असतात, तेव्हा "तुझी उंची किती रे?" असे विचारून किंवा मागच्या सत्राचा आकडा उतरवून रकाना भरला जातो. मी यात शिक्षकांना दोष देत नाही. पोषण आहाराच्या नोंदींपासून निवडणुकीच्या कामापर्यंत त्यांच्या डोक्यावर काय काय असते हे मला माहीत आहे. उंची-वजन कशासाठी घ्यायचे आणि घेतल्यावर त्याचे काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. ज्या आकड्याकडे पुढे कोणी बघणार नाही, तो आकडा कोणी जीव लावून लिहीत नाही.

माझे म्हणणे असे आहे की मुलांचे वजन आणि मुलांचे कोलेस्टेरॉल मोठ्या माणसांच्या मापाने जोखणे आपण थांबवले पाहिजे, आणि त्याची सुरुवात याच रकान्यापासून करता येईल.

आधी वजनाबद्दल. शाळेतल्या आरोग्य शिबिरात मुलाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढून हातात कागद दिला जातो. त्यावर 18.5 ते 23 किंवा 25 म्हणजे योग्य, असे छापलेले असते. ही मोठ्यांची मर्यादा आहे. मुलाचा बीएमआय वयानुसार बदलत जातो. सहा वर्षांच्या निरोगी मुलाचा बीएमआय साधारण 15 असतो; मोठ्या माणसाचा 15 असेल तर त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे लागेल. उलट उदाहरण घ्या. दहा वर्षांचा मुलगा, उंची 140 सेंटिमीटर, वजन 43 किलो. बीएमआय येतो जवळपास 22. मोठ्यांच्या तक्त्यात तो अगदी मजेत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा वर्षांच्या मुलग्यांच्या तक्त्यात मात्र तो लठ्ठपणाच्या रेषेच्या वर आहे. आई-वडील तो कागद बघून निश्चिंत होतात. आजी म्हणते, "खात्यापित्या घरचा आहे, उंची वाढली की आपोआप बारीक होईल." दोन वर्षांनी तोच मुलगा मानेवर काळसर, जाडसर पट्टा घेऊन येतो. मळ समजून घरचे तो घासून काढायचा प्रयत्न करत असतात. तो मळ नसतो. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण असते.

भारतीय मुलांसाठी वेगळे तक्ते आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, 2015 साली 5 ते 18 वयोगटासाठी ते प्रसिद्ध केले. मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. मोठेपणी ज्या रेषा बीएमआय 23 आणि 27 ला जाऊन पोहोचतात, त्याच रेषा लहान वयापासून आखून त्यावर जादा वजन आणि लठ्ठपणा ठरवला आहे, कारण भारतीयांना मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनालाच गाठतात. या तक्त्यांच्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. देशभरातले बालरोगतज्ज्ञ जे तक्ते वापरतात त्यात पुण्याच्या माणसांची मेहनत आहे, आणि पुण्यातल्या शाळांच्या भिंतीवर ते मला अजून दिसलेले नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

दुसरीही एक पुण्याचीच गोष्ट आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळे 3.5 किलोंची. आपली बाळे स्नायूंनी कमी होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पुढे 2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के.

ही गोष्ट मी पालकांना वारंवार सांगते, कारण तिच्यामुळे दोन गोष्टी चटकन पटतात. वजनकाटा आपल्या मुलांबद्दल अर्धीच माहिती देतो, हे पहिले. त्यामुळे सहा वर्षांवरच्या मुलाच्या कमरेचा घेरही मोजावा. तो उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर वजन बरे दिसत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. दुसरे म्हणजे, बारीक मूल सुरक्षित आणि जाड मूल आजारी, अशी सरळ विभागणी करता येत नाही.

इथून कोलेस्टेरॉलकडे येते, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

अलीकडे बऱ्याच शाळांत खासगी लॅबच्या मदतीने तपासणी शिबिरे होतात. सवलतीच्या दरात 'विद्यार्थी पॅकेज' असते, त्यात लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि रक्तातल्या इतर चरबीची तपासणीही असते. मुलांचे रक्त घेतले जाते, आठवड्याने रिपोर्ट येतो आणि उजव्या बाजूला छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बघून पालक तो बाजूला ठेवून देतात. नऊ वर्षांच्या एका मुलीचा असाच रिपोर्ट माझ्या टेबलावर आला होता. एकूण कोलेस्टेरॉल 188, एचडीएल 42, ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा आणखी एक प्रकार) 138. छापील मर्यादा होत्या : कोलेस्टेरॉल 200 च्या आत, ट्रायग्लिसराइड 150 च्या आत, एचडीएल 40 च्या वर. एकाही आकड्यापुढे खूण नव्हती. पालक आले होते ते वेगळ्याच कारणासाठी, मुलीला भूक लागत नाही म्हणून. फाईलमधला रिपोर्ट त्यांनी सहज दाखवला, "हे सगळं नॉर्मल आहे" असे म्हणत.

मुलांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. एकूण कोलेस्टेरॉल 170 च्या आत असावे. 170 ते 199 सीमारेषेवर, 200 आणि त्यापुढे जास्त. एलडीएल, म्हणजे आपण ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, 110 च्या आत असावे आणि 130 पासून जास्त. ट्रायग्लिसराइड नऊ वर्षांपर्यंत 75 च्या आत असावे आणि 100 पासून जास्त; दहा ते एकोणीस या वयात 90 च्या आत आणि 130 पासून जास्त. एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, 45 च्या वर असावे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की नॉन-एचडीएल मिळते. ते 120 च्या आत असावे आणि 145 पासून जास्त. त्या मुलीचे नॉन-एचडीएल 146 होते, ट्रायग्लिसराइड स्पष्टपणे जास्त होते आणि उरलेले दोन्ही आकडे सीमारेषेवर. ज्या रिपोर्टाला घरात निर्धास्तपणे 'नॉर्मल' म्हटले जात होते, त्यातला एकही आकडा तिच्या वयाला योग्य नव्हता.

म्हणून शिबिर घेणाऱ्या प्रत्येक शाळेला माझी विनंती आहे की लॅबशी करार करताना, रिपोर्टावर मुलाच्या वयाच्या मर्यादा छापल्या जातील, ही अट लेखी घाला. लॅबला हे जड नाही. संगणकात वय नोंदवलेलेच असते. लॅब तयार नसेल तर त्या शिबिरात लिपिड प्रोफाइल करूच नका. चुकीचा दिलासा देणाऱ्या तपासणीपेक्षा तपासणी नसलेली बरी, कारण तपासणी नसेल तर पालक निदान सावध तरी राहतात.

मग सगळ्याच मुलांचे कोलेस्टेरॉल तपासावे का? यावर जाणकारांतही एकमत नाही, आणि ते लपवून पत्र लिहिणे मला योग्य वाटत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये सांगितले की 9 ते 11 या वयात प्रत्येक मुलाची एकदा तपासणी करा. तिथल्याच प्रतिबंधक आरोग्य कृतिदलाने 2023 मध्ये म्हटले की सरसकट तपासणीच्या बाजूने किंवा विरोधात ठाम सांगण्याइतका पुरावा नाही. स्लोव्हेनियासारख्या छोट्या देशाने 1995 पासून पाच वर्षांच्या मुलांची सरसकट तपासणी सुरू केली आणि त्यातून आनुवंशिक, म्हणजे घराण्यातून आलेल्या जास्त कोलेस्टेरॉलची अनेक कुटुंबे शोधली. आपल्याकडे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत पहिली लिपिड तपासणी 18 व्या वर्षी करावी असे म्हटले आहे. पण घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल किंवा आनुवंशिक कोलेस्टेरॉल असेल, तर त्याआधीच करावी असेही सांगितले आहे.

माझे मत असे की पुण्यातल्या शाळांनी सरसकट रक्त काढण्याच्या मागे लागू नये. आधी उंची, वजन, कंबर नीट मोजावी, घरातला इतिहास विचारावा आणि त्यातून ज्या मुलांची गरज दिसेल त्यांनाच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. दहा वर्षांवरचे, वजन जास्त असलेले मूल असेल तर लिपिड तपासणी जरूर व्हावी. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलांचीही व्हावी.

घरातल्या इतिहासाचा प्रश्न आज जवळपास कुठल्याच शाळेच्या आरोग्यपत्रकात नसतो. अॅलर्जी विचारतात, रक्तगट विचारतात, चष्मा आहे का विचारतात. वडील, काका, मामा, आजोबा यांच्यापैकी कोणाला पंचावन्नच्या आत, किंवा आई, मावशी, आत्या, आजी यांच्यापैकी कोणाला पासष्टच्या आत हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा अचानक मृत्यू, असे काही झाले आहे का, हे कोणी विचारत नाही. रकाना एक, उत्तर हो किंवा नाही. पण या उत्तरावर एखाद्या मुलाचे पुढचे आयुष्य ठरू शकते.

आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमिया नावाचा आजार जगभरात साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला असतो. दोन हजार मुलांच्या शाळेत या हिशेबाने सहा ते आठ मुले निघतील. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक येते. प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी. अशा मुलाचे एलडीएल जन्मापासूनच चढलेले असते. खाण्यापिण्याशी त्याचा फारसा संबंध नसतो, अंगाने ते मूल बहुधा सडपातळच असते, खेळात पुढे असते आणि त्याला काहीही होत नसते. आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला तर आजार फार तीव्र होतो. कोपर, गुडघा, टाचेमागची शीर इथे पिवळसर गाठी दिसू लागतात. पण हे क्वचितच होते. एरवी बाहेरून काही कळत नाही. वयाच्या तिशी-चाळिशीत थेट छातीत दुखते.

नेदरलँड्समध्ये अशा मुलांना लहान वयात स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध सुरू करून वीस वर्षे त्यांचा पाठपुरावा केला गेला. 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वयाच्या 39 व्या वर्षापर्यंत या मुलांपैकी 1 टक्क्याला हृदयविकाराचा त्रास झाला होता. त्यांच्याच आई-वडिलांपैकी, ज्यांना हा आजार होता पण लहानपणी उपचार मिळाले नव्हते, त्याच वयापर्यंत 26 टक्क्यांना झाला होता. जनुक तेच होते. फरक होता तो वेळेवर कळण्याचा.

आमच्याकडे आलेला अकरा वर्षांचा एक मुलगा असाच काटकुळा. तो आला होता धाकट्या बहिणीसोबत. तपासायचे होते ते बहिणीचे वजन. बोलता बोलता आईने सांगितले की याच्या बाबांची अडतिसाव्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. बालरोगतज्ज्ञांनी मुलाची तपासणी करायला सांगितली तेव्हा आईला नवल वाटले. "अहो, याचं तर वजनच वाढत नाही, याला कसलं कोलेस्टेरॉल?" दोन वेळा तपासून एलडीएल 200 च्या वर आले. मुलावर उपचार सुरू झाले आणि आज तो नेहमीसारखा शाळेत जातो, खेळतो. त्याच्या शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी होत होती. त्या तपासणीत डोळे, दात, वजन हे सगळे पाहिले जात होते.

तपासणी केव्हा करायची यालाही महत्त्व आहे. वयात येताना, साधारण बारा ते सोळा या काळात, कोलेस्टेरॉल तात्पुरते दहा ते वीस टक्के उतरते. सातवी ते दहावीच्या वर्गात शिबिर घेतले तर काही मुलांचे आकडे फसवे चांगले येतील. म्हणून चौथी-पाचवीचे वय जास्त योग्य. तापातून उठलेल्या मुलाची तपासणी तीन आठवडे थांबून करावी, कारण आजारपणात हे आकडे हलतात. पहिल्या फेरीत उपाशीपोटी रक्त देण्याची गरज नाही. नॉन-एचडीएल खाल्ल्यानंतरही विश्वासार्ह असते. मात्र आकडा जास्त आला तर दोन आठवडे ते तीन महिने या अंतराने, उपाशीपोटी पुन्हा तपासावे आणि थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत यांपैकी काही कारण आहे का ते डॉक्टरांनी पाहावे. एका रिपोर्टावर कोणत्याही मुलाला औषध सुरू होत नाही, आणि एका रिपोर्टावर घाबरून जायचेही कारण नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि युनिसेफ यांच्या 2016 ते 2018 या काळातल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 5 ते 9 वयाच्या मुलांपैकी 34 टक्के आणि 10 ते 19 वयाच्या मुलांपैकी 16 टक्के मुलांचे ट्रायग्लिसराइड जास्त आढळले. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेली मुले त्या मानाने थोडी, 3 ते 4 टक्के. त्याच सर्वेक्षणात 10 ते 19 वयातली सुमारे एक चतुर्थांश मुले वयाच्या मानाने फार बारीक होती आणि 5 टक्के जादा वजनाची. हे आकडे एकत्र वाचायला हवेत. आपल्या मुलांचा प्रश्न फक्त लठ्ठपणाचा नाही आणि तुपाचा तर मुळीच नाही. ट्रायग्लिसराइड वाढतात ते मुख्यतः साखर, मैदा, बाटलीबंद गोड पेये आणि हालचालीचा अभाव यांमुळे. तरीही 'कोलेस्टेरॉल' हा शब्द ऐकला की घरात पहिले काय बंद होते? वरणभातावरचे तूप आणि दुधावरची साय. बिस्किटे, केक, सरबताचे पाकीट, टोमॅटो सॉस तसेच चालू राहतात. वाढीच्या वयातल्या बारीक मुलाचे तूप-दूध कोणत्याही डॉक्टरांना न विचारता तोडणे हे त्याचे नुकसान आहे.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला लावले, ती सांगते.

सातवीतली एक मुलगी माझ्याकडे आली ती तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरल्यावर. आईला आधी आनंदच झाला होता. मग पाळी थांबली, केस गळू लागले, चक्कर यायला लागली. तिच्या शाळेत वजन घेतले होते ते सभागृहात, संपूर्ण वर्गासमोर. काटा स्टेजवर. एक शिक्षिका मोठ्याने आकडा सांगत होत्या, मॉनिटर वहीत लिहीत होता, रांगेतली मुले ऐकत होती. नंतर 'ज्यांना वजन कमी करण्याची गरज आहे' अशा मुलांची नावे पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली गेली, पालकांना कळावे म्हणून. हेतू वाईट नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीने डबा खाणे बंद केले. डबा ती व्हॅनमधून उतरताना वॉचमनकाकांच्या कुत्र्याला द्यायची आणि रिकामा डबा घरी न्यायची. तिचे वजन, भारतीय तक्त्याप्रमाणे, जादा वजनाच्या रेषेला जेमतेम टेकले होते. वर्षभर थोडे जास्त खेळली असती आणि उंची वाढली असती तर पुरे झाले असते.

वाढत्या वयाच्या मुलाला बहुतेक वेळा वजन उतरवायचे नसते, आहे तिथे धरून ठेवायचे असते; उंची वाढते तसा बीएमआय आपोआप खाली येतो. हे त्या मुलीला कोणी सांगितले नाही. तिला तिचा आकडा सगळ्यांसमोर सांगितला गेला.

मुख्याध्यापक महोदय, महोदया, यासाठी कुठल्याही निधीची गरज नाही. वजन एका वेळी एकाच मुलाचे, आडोशाला घ्या. आकडा मोठ्याने उच्चारू नका. मुलींचे वजन बाईंनीच घ्यावे. नोंद पालकांना बंद पाकिटात द्या. ग्रुपवर कोणाचेही नाव कधीही जाऊ नये. आणि वर्गात, मैदानात, डब्याच्या सुट्टीत कुठेही, मुलाच्या अंगावरून कोणीही, शिक्षकांनीसुद्धा, शेरा मारू नये. "जाड्या", "लुकड्या", "आता तू केक नको खाऊ" हे शब्द मुलांच्या लक्षात फार वर्षे राहतात. माझ्याकडे येणाऱ्या आया-मावश्यांच्या बोलण्यात ते आजही निघतात.

मोजण्याची पद्धतही साधी आहे, पण ती पाळावी लागते. बूट-मोजे काढलेले, केसांचा बो किंवा अंबाडा सोडलेला. टाचा, नितंब, पाठ भिंतीला लागलेले, नजर समोर, हनुवटी वर न उचलता. डोक्यावर सपाट पट्टी टेकवून आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा. काटा कडक आणि सपाट फरशीवर, सतरंजीवर नाही. सुरू करण्यापूर्वी ओळखीच्या वजनाने तपासलेला. स्वेटर आणि दप्तर बाजूला. वजन शंभर ग्रॅमपर्यंत लिहायचे. मोजल्याची तारीख लिहायची, कारण तक्त्यावर ठिपका ठेवताना वय वर्षे आणि महिने असे लागते. भिंतीवर लावायची उंचीमापक पट्टी शाळेच्या एका स्मार्ट बोर्डाच्या किमतीच्या मानाने नगण्य पैशांत येते. वर्षातून दोनदा, सहा महिन्यांच्या अंतराने, एवढे केले तरी पुरे. एका आकड्यापेक्षा रेषा कुठे चालली आहे हे जास्त बोलते : दोन वर्षे एकाच रेषेवर चाललेले मूल अचानक वरच्या रेषा ओलांडू लागले, किंवा उंची थबकली आणि वजन वाढत राहिले, तर ते डॉक्टरांना कळायलाच हवे. उंची थबकणे हे थायरॉइडसारख्या आजाराचे पहिले लक्षण असू शकते.

महापालिकेला विनंती वेगळी आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जाऊन मुलांची तपासणी करतात. ही चांगली व्यवस्था आहे. खासगी विनाअनुदानित शाळा मात्र तिच्या बाहेर राहतात, आणि जादा वजनाची मुले तिथेही भरपूर आहेत. आपल्या आरोग्य विभागाने सर्व शाळांसाठी एकच आरोग्यपत्रक ठरवून द्यावे. त्यात भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा तक्ता असावा, मुलग्यांचा आणि मुलींचा वेगळा. कमरेच्या घेराचा रकाना असावा आणि घरातल्या हृदयविकाराचा तो एक प्रश्न असावा. पथकाने केलेल्या नोंदी पालकांपर्यंत पोहोचाव्यात. ज्या मुलांना पुढे पाठवायचे त्यांच्यासाठी महापालिकेच्या एखाद्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक एकत्र बसतील अशी ओपीडी असावी. येरवड्याच्या किंवा पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या आईला खासगी लॅबच्या दुसऱ्या रिपोर्टाचा खर्च झेपत नाही, आणि म्हणून पहिल्या रिपोर्टावरच तिचे पाऊल थांबते.

खाण्याविषयी फार लिहीत नाही, नियम आधीच आहेत. राज्य शासनाने 2017 मध्ये शाळेच्या उपाहारगृहातून चिप्स, शीतपेये, नूडल्स यांसारखे पदार्थ हद्दपार करायला सांगितले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमानुसार शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. शाळा सुटताना फाटकाबाहेर उभे राहून पाहा. आणि खेळाचा तास. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल हवी असे सांगते. स्कॉलरशिपची परीक्षा आली की पीटीचा तास गणिताला जातो. हा तास परत द्या. ज्या शाळांना मैदान नाही त्यांना जवळच्या मनपा मैदानावर सकाळचे दोन तास राखून ठेवता येतील का, हे शिक्षण विभागाने जरूर पाहावे.

पुढच्या जूनची प्रगतिपुस्तके आणि आरोग्यपत्रके उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच छापायला जातात. त्याआधी निर्णय झाला तर नवे पत्रक याच वर्षी मुलांच्या हातात पडेल. तक्त्यासह दोन पानांचा नमुना मी मराठीत तयार केला आहे. कोणतीही शाळा तो विनामूल्य वापरू शकते. शिक्षकांना उंची, वजन आणि कंबर कशी मोजायची हे दाखवण्यासाठी आमच्या दवाखान्यातले आम्ही काही जण शनिवारी दुपारी शाळेत यायला तयार आहोत. एखाद्या शाळेने एका वर्गापासून सुरुवात केली तरी चालेल. चौथीचा वर्ग निवडावा, एवढेच सुचवेन.

आपली नम्र,
एक बालआहारतज्ज्ञ, पुणे